रंगाला मालक मानवत नाही

गाडीचा रंग का उडतो, याची तीन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पेंटर चोर, रंग भेसळीचा, नाहीतर हवा वाईट. चेन्नईत तिसरं उत्तर सर्वांत आधी देतात, कारण तिथली हवा खरोखरच वाईट आहे आणि तिच्यावर खापर फोडलं तर ती भांडायला येत नाही. बंगालचा उपसागर शहराला खेटून आहे, घाम बारमाही आहे, आणि वर्षाकाठी जो साधारण चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो त्यातला मोठा हिस्सा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्येकडून येऊन कोसळतो. एवढं सगळं हाताशी असल्यावर मडगार्डावर फोड आले की गाडीवाला समुद्राकडे बोट दाखवतो आणि पेंटर आकाशाकडे. माझं म्हणणं असं, की समुद्र, आकाश, पेंटर आणि रंगाचा डबा हे चौघेही बऱ्याच अंशी निर्दोष आहेत. गुन्हेगार पाचवा आहे आणि तोच फिर्याद घेऊन उभा असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. तो म्हणजे गाडीचा मालक. गाडीला मालक मिळाला की तिच्या रंगाचं आयुष्य घटतं.

हे विधान आततायी वाटेल, पण त्याचा पुरावा चेन्नईतच आहे. गाडी जन्माला येते तेही त्या शहराच्या वेशीवर आणि तिची डागडुजी होते तीही तिथेच. हवा, समुद्र आणि घाम दोन्हीकडे सारखेच. 1948 मध्ये अशोक मोटर्स स्थापन झाली, तिचा कारखाना एन्नोरला, म्हणजे अक्षरशः समुद्रकाठी उभा राहिला. तीच पुढे अशोक लेलँड झाली. 1996 मध्ये ह्युंदाई आली आणि 1998 मध्ये इरुंगाट्टुकोट्टैहून पहिली सँट्रो बाहेर पडली. 2010 मध्ये ओरगडमला रेनो आणि निसान यांचा एकत्र कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांत वेल्डिंग होऊन आलेल्या गाडीच्या सांगाड्याला पुष्कळ वेळ कुणी रंग दाखवतसुद्धा नाही. आधी अल्कलीच्या पाण्यात त्याचं तेल काढतात. मग धुतात. मग फॉस्फेटच्या हौदात बुडवतात, म्हणजे पत्र्यावर जस्त-फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात आणि पुढच्या थराला धरायला जागा होते. पुन्हा धुतात, आणि शेवटचं धुणं क्षार काढलेल्या पाण्याने. त्यानंतर विजेच्या जोरावर प्रायमर चढवायच्या हौदात सांगाडा सबंध बुडतो. दरवाजाच्या पोकळीत, जिथे पुढे जन्मात कुणाची नजर जाणार नाही, तिथेही थर बसतो. मग 170 अंशांच्या आसपासची भट्टी. हे सगळं झाल्यावर मधला थर, मग रंग, मग वरचा पारदर्शक थर. सगळे थर मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास, आणि त्यातला प्रत्यक्ष रंग पंधरा-वीस मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या पाव जाडीचा. 'पर्ल व्हाइट घ्यायचा की सिल्व्हर' यावरून ज्या घरांत महिनाभर अबोला होता, त्या घरांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

आता हा एवढा खटाटोप कारखानदार हौसेने करत नाही. रंग पत्र्याला धरतो याचा अर्थ मधे दुसरं काही नसतं, एवढाच आहे. रंग बिचारा जे समोर येईल त्याला इमानाने चिकटतो. समोर तेल आलं तर तेलाला, मेण आलं तर मेणाला, गंज आला तर गंजाला. पुढे तेल निसटतं, गंज पापुद्र्याने सुटतो आणि रंग त्याच्यासोबत जातो. दोष द्यायचाच तर त्याच्या स्वामिनिष्ठेला द्यावा लागेल. पत्रा स्वच्छ झाला की नाही हे पाहायची जुनी आणि फुकटची परीक्षा आहे. त्यावर पाणी ओतायचं. पाणी अखंड पडद्यासारखं पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. फाटलं आणि थेंब थेंब होऊन जमलं तर तेल अजून आहे. तेल आधी आणि घासणं नंतर, हा क्रमही सोडायचा नसतो, कारण तेलकट पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवला की तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. तेल काढायलाही दोन फडकी लागतात: एकाने थिनर लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. एकच फडकं वापरलं तर तेल निघत नाही, त्याची फक्त बदली होते. आणि हे फडकं म्हणून पुष्कळदा जो कॉटन वेस्टचा बोळा हाती येतो, तो सकाळी इंजिनच्या खात्यात हजेरी लावून आलेला असतो.

घासण्याची गोष्ट याहून उलटी आहे. लोकांना वाटतं, पत्रा जितका गुळगुळीत तितका रंग चांगला. उघड्या पत्र्याला गुळगुळीतपणा चालत नाही. त्याला बारीक ओरखडे लागतात, म्हणजे रंगाला पकड मिळते. म्हणून उघड्या पत्र्यावर 80 ते 180 नंबरचा खरबरीत कागद, प्रायमरवर 400-600 चा वॉटर पेपर, आणि अगदी शेवटी पॉलिशच्या वेळी 2000 वगैरे. नंबर वाढतो तसा कागद मऊ होत जातो, हे आपल्या सरकारी खात्यांतल्या फायलींच्या नेमकं उलट आहे. पण मालकाला 80 नंबरने ओरबाडलेला पत्रा दिसला की त्याच्या काळजावर तेवढेच ओरखडे उमटतात, आणि तो गुळगुळीत करायचा आग्रह धरतो. मग तो पुढचं पाऊल उचलतो, आणि तेच घातक असतं. तो पत्र्यावरून तळहात फिरवतो. चेन्नईच्या दुपारचा तळहात म्हणजे मीठ, पाणी आणि नुकत्याच खाल्लेल्या मेदुवड्याचं तेल. स्वच्छ केलेल्या, प्रायमरची वाट पाहणाऱ्या पोलादावर हा ठसा उमटतो आणि मालक समाधानाने मान डोलावतो. त्या ठशातलं मीठ पुढे रंगाखाली बंद होतं. रंगाचा थर पाण्याच्या वाफेला थोडीफार वाट देतो, मिठाला देत नाही. त्यामुळे आत मिठाशेजारी पाणी ओढलं जातं, साचतं, आणि रंगाला फुगवून वर उचलतं. पावसाळ्यानंतर दारावर बोटांच्या अंतराने चार-पाच फोड दिसले तर पंचनामा करायची गरज नसते. बोटांचे ठसेच मिळालेले असतात.

चेन्नईच्या गॅरेजांवर 'टिंकरिंग अँड पेंटिंग' अशी पाटी असते. आपण ज्याला डेंटिंग म्हणतो ते तिथे टिंकरिंग. जुने सुटे भाग हवे असतील तर एग्मोरजवळ, कूवम नदीच्या काठी पुदुपेट्टै आहे, जिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, डिक्या दुकानादुकानांतून टांगलेल्या असतात. तिथून आणलेल्या दाराला पूर्वायुष्य असतं. 1995 च्या 'बाशा'मध्ये रजनीकांतच्या सालस रिक्षावाल्याच्या आत मुंबईचा डॉन निघतो. पुदुपेट्टैच्या पांढऱ्या दाराखाली तसाच एक लाल रंग, त्याखाली बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, त्याखाली आणखी एक निळा रंग आणि सगळ्यात खाली मुरलेला गंज निघतो. खरवडल्याशिवाय काही कळत नाही, आणि खरवडायचं तर दोन दिवस. नेमक्या त्याच वेळी मालकाचा फोन येतो: "अण्णा, फ्रायडे रेडी आगुमा?" शुक्रवारी होईल ना? या प्रश्नाला त्या शहरात एकच उत्तर आहे: "आगिडुम, सार." होऊन जाईल. या 'होऊन जाईल'मध्ये खालचा निळा रंग आणि मुरलेला गंज जागच्या जागी राहतात, आणि वर लांबीचा नवा हात फिरतो. पेंटर खोटं बोलला असं म्हणता येत नाही. शुक्रवारी गाडी तयार होईल का, एवढंच त्याला विचारलं होतं. पुढच्या शुक्रवारबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारांचा शुक्रवार म्हणजे आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घालून भागतं. तमिळनाडूत गाडीला चंदन आणि कुंकू लागतं, चाकांखाली लिंबं चिरडली जातात, रस्त्यावर कोहळा फुटतो आणि गाडी चकाकत असावी अशी अपेक्षा असते. त्यामुळे नवरात्राच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्या शहराला एकदम रंग हवा असतो. ईशान्य मोसमी पाऊस येतो साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे घाईने दिलेल्या रंगाची परीक्षा घ्यायला निसर्ग फार वेळ दवडत नाही. त्या दिवसांतलं गणित तर बघा. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो 26 अंशांच्या आसपास. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम असावा असा रंगकामातला रूढ नियम आहे. म्हणजे हातात उरला एक अंश, आणि संध्याकाळी वारा सुटला की तोही जातो. पत्र्यावर दिसणार नाही इतकं पाणी धरतं आणि पेंटर त्याच्यावर रंग मारतो. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्यावर तपकिरी झाक आलेली असते, म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी उरकावं लागतं, आणि त्यासाठी सकाळी लवकर सुरुवात हवी. सकाळी मात्र मालक आलेला असतो. तो कालच्या कामाचे फोटो काढत असतो आणि सगळे थांबलेले असतात.

इथे हवेच्या बाजूने वकील उठतो आणि म्हणतो, तुम्हीच तर हवेविरुद्ध साक्ष दिलीत! दिली, पण अर्धी. इरुंगाट्टुकोट्टैलाही तीच हवा आहे आणि तिथला रंग बारा-पंधरा वर्षं टिकतो. बंद दालन आणि गाळलेली हवा हा फरक आहेच, नाही कोण म्हणतं? पण उघड्या शेडमध्येही कोरडी दुपार बघून प्रायमर मारता येतो, हॅलोजनचा दिवा लावून पत्रा चार अंश गरम करता येतो, पाऊस असेल तर थांबता येतं. यातलं पैशाने महाग असं फारसं काही नाही. महाग आहे ते थांबणं. हवा खरोखर कुठे घात करत असेल तर ती पाण्याच्या मार्गाने. वॉटर पेपरला पाणी लागतं, आणि किनाऱ्यालगतच्या पुष्कळ वस्त्यांत बोअरचं पाणी खारट आहे. त्या पाण्याच्या बादलीत कागद बुडवून पत्रा घासायचा म्हणजे एका हाताने स्वच्छता आणि दुसऱ्या हाताने मीठ. वर लांबी पाणी पिते, तो वेगळा हिशेब. यावर उपाय सोपा आहे, कोरडं घासावं किंवा शेवटचं धुणं तरी चांगल्या पाण्याने करावं, पण तो चेन्नईत मोठ्याने सांगायची सोय नाही. 2019 च्या उन्हाळ्यात ज्या शहराचे तलाव कोरडे पडले आणि माणसं घागरी घेऊन टँकरमागे धावली, तिथे मडगार्डासाठी पिण्याचं पाणी मागणाऱ्याला लोक मडगार्डासकट कूवममध्ये सोडतील. मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत. त्यांच्या उद्दिष्टांत गाडीची डिकी नाही आणि ते योग्यच आहे. मी कोरड्या घासण्याच्या बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप शिकलेल्या लोकांचा असतो. विज्ञान एवढं पुढे गेलं, आता थेट पत्र्यावर मारायचे रंग मिळतात, गंजाचं रूपांतर करणारी रसायनं मिळतात, मग हमालासारखं घासत कशाला बसायचं? या रसायनांना मी कमी लेखत नाही. दुसऱ्या महायुद्धात जहाजांसाठी फॉस्फोरिक आम्लाचा एच प्रायमर निघाला तो आजही गॅरेजात वापरतात; पत्र्याला हलकेच चावून पकड घेतो. पण ही सगळी मंडळी मानी आहेत. एच प्रायमरवर थेट पॉलिस्टरची लांबी ओढली तर खालचं आम्ल लांबीला नीट सुकू देत नाही आणि दोघं मिळून निघून येतात. आजच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. त्यावर साधा तेलरंग फासला तर तेलातली आम्लं आणि जस्त मिळून साबण तयार होतो. खराखुरा साबण. मग मालक गाडी धुतो आणि गाडी स्वतःच्याच साबणाने स्वच्छ होते, रंगासकट. डॅशबोर्ड चमकवायला जो फवारा मारतात, त्यातलं सिलिकॉन शेडमध्ये उडून पत्र्यावर बसलं तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. तेव्हा रसायनं जितकी हुशार तितकी त्यांची खालच्या जागेबद्दलची मागणी जास्त; डब्यामागच्या बारीक अक्षरांतलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि तेलविरहित असावा हेच असतं. ते वाक्य वाचायला भिंग लागतं आणि भिंग आणायला शुक्रवार आड येतो.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. आमच्या वेळचे रंग वेगळेच होते, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड घ्या, रंग जसाच्या तसा! पहिली गोष्ट, 1961 मध्ये आलेल्या त्या गाडीतल्या ज्या गंजून भंगारात गेल्या त्या साक्ष द्यायला येत नाहीत. उरलेल्या चार लाडक्या गाड्या चकाकतात आणि आपण त्यांनाच इतिहास समजतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्वी टिकायचं ते रंगामुळे नव्हे, वेळामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाडी रंगवणं हे आठवड्यांचं काम होतं: थर द्यायचा, सुकू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. 1920 च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचा ड्यूको रंग आला आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. इथून रंगाला घाई शिवली. त्याच दशकात घासणाऱ्यांची बाजू सावरायलाही कुणीतरी होतं: 1921 मध्ये पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर निघाला, तो काढणाऱ्या थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण एका गॅरेजात गेला असता पेंटर चिकटवलेला कागद काढण्याच्या खटपटीत शिव्या घालताना त्याने ऐकला, आणि 1925 मध्ये मास्किंग टेप जन्माला आली. शिव्यांमधून एवढा उपयोगी शोध दुसरा लागला असेल असं वाटत नाही. पॉलिश पेपर आणि सहाणा बनवणारी कार्बोरंडम युनिव्हर्सल 1954 पासून चेन्नईचीच आहे, म्हणजे शहराला घासायची साधनं कमी पडली असं कुणी म्हणू शकणार नाही. आणि जुनंच हवं असेल तर दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ बघावा. सोळाशे वर्षांत त्याला कुणी रंग लावला नाही. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं, की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा राखणदार थर धरतो; ओरगडमच्या हौदात काही मिनिटांत जे उगवतं, त्याचाच हा दूरचा नातेवाईक. दिल्लीची कोरडी हवा मदतीला होतीच. तरी 1997 मध्ये त्याच्याभोवती कुंपण घालावं लागलं, कारण लोक त्याला पाठ टेकवून, हात मागे नेऊन मिठी मारत. सोळाशे वर्षं जे हवेला जमलं नाही ते तळहातांना जमत आलं होतं.

चौथा आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावा लागतो: कंपनीच्या गाड्यांचाही रंग उडतोच की. उडतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नामवंत कंपन्यांच्या गाड्यांवरून रंग चादरीसारखा सुटू लागला. कारण शोधलं तर ते असं निघालं, की खर्च वाचवायला विजेचा प्रायमर आणि रंग यांच्यामधला थर गाळला होता. उन्हातली अतिनील किरणं पातळ रंगातून थेट प्रायमरपर्यंत पोचली, त्याचा वरचा भाग पिठासारखा झाला आणि रंग आपल्या स्वामीबरोबर चालता झाला. म्हणजे माझा सिद्धान्त कोसळला का? उलट रुंद झाला. कारखान्यात गाडीचा मालक नसतो, पण कारखान्याचा असतो, आणि त्याचा हिशेबनीस अधूनमधून पेंट शॉपमध्ये येऊन 'हा थर खरंच लागतो का?' असं विचारतो. तेव्हा मालक या शब्दात ज्याचा शुक्रवार ठरलेला आहे असा प्रत्येक माणूस धरावा. चेन्नईच्या पेंटरला अडाणी, कामचुकार म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की त्याच पेंटरला एखाद्या जुन्या गाडीच्या शौकिनाने 'सहा महिने घे, पण काम कर' म्हटलं की तोच माणूस पत्रा आरपार नागडा करतो, सांध्यांत ब्रश घालून गंज काढतो, इपॉक्सी प्रायमर मारून रात्र जाऊ देतो आणि मग लांबीला हात लावतो. हात तेच असतात, बादलीही तीच असते.

गिऱ्हाइकाला हे समजतच नाही, न दिसणाऱ्या कामाचे पैसे तो देणारच नाही, असं गॅरेजवाले म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण हेच गिऱ्हाईक किंवा त्याची आजी एकेकाळी कल्हईवाल्यासमोर तासभर बसत असे. पातेल्यात राख-वाळू घालून पोऱ्या त्यात उभा राहून पायाने गरगरा फिरायचा, मग आचेवर पातेलं तापायचं, नवसागराचा धूर व्हायचा, आणि खुद्द कथील फिरवायला लागायचा अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी कुणी "कल्हई आधी लावा, घासायचं नंतर बघू" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. कारण आतली स्वच्छता राहिली तर आंबट वरण कळकायचं आणि शिक्षा त्याच दिवशी ताटात यायची. गाडीच्या रंगाची शिक्षा सहा महिन्यांनी येते, आणि तोवर पावती हरवलेली असते. म्हणजे प्रश्न समजुतीचा नाही, निकालाला लागणाऱ्या वेळाचा आहे.

तो निकाल लवकर लावायची सोयही आहे. प्रयोगशाळांत रंगावर धारदार पात्याने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारतात, पंचवीस चौकोन होतात, त्यावर चिकटपट्टी दाबून ओढतात आणि किती चौकोन उडाले ते बघून शून्य ते पाच गुण देतात. शून्य सर्वांत चांगला. शून्याला पहिला नंबर देणारी परीक्षा असल्यामुळे आपल्या पालकवर्गात ती रुजणं कठीण आहे, शिवाय नव्या कोऱ्या बॉनेटवर ब्लेडने रेघा मारायला कुठला मालक तयार होईल? त्यापेक्षा माझी सूचना व्यवहाराची आहे: बिल उलटं करावं. 'रंगकाम' असा एक ठोक आकडा लिहून कोपऱ्यात 'मजुरी' खरडण्याऐवजी तेल काढणं, घासणं, गंज काढणं, प्रायमर आणि थांबणं यांचे वेगवेगळे दर लिहावेत, त्यात थांबण्याचा दर सर्वांत चढा ठेवावा, आणि रंग शेवटी फुकट द्यावा. फुकट गोष्टीची घाई करायला माणूस लाजतो. काही गॅरेजवाल्यांनी उघड्या पत्र्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची पद्धत सुरू केली आहे, ती चांगली आहे. फोटोतल्या पत्र्यावर तळहात फिरवला तर बिघडत नाही. तेवढ्यापुरतं मालकाला लांबूनच मालक राहू द्यावं.

यावर एकच आक्षेप उरतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो आक्षेप घेणारा माणूस बरोबर आहे. त्याला गाडी विकायची आहे. जुन्या गाड्या घेणारे हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. ते जाडी सांगतं, चिकटून आहे का ते सांगत नाही. कंपनीच्या रंगाची गाडी दिसली तर भाव चढतो, म्हणून खरचटलेलं मडगार्ड पातळ थरात, भरभर, मूळ जाडीच्या आसपास रंगवून घेणं त्याच्या फायद्याचं. खाली तेल आहे की मीठ, याच्याशी त्याचा संबंध आरसीवरचं नाव बदलेपर्यंतच. त्याच्या दृष्टीने घासण्यात घातलेले दोन दिवस म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला आहेर. त्याला एवढंच सांगता येईल, की जाहिरात ऑगस्टमध्ये टाकावी आणि घासाघीस ताणू नये. ईशान्येचा पाऊस आला की कागदपत्रं कुणाच्याही नावावर असोत, मडगार्ड खरं बोलायला लागतं.